दोरीवरची पटसंख्या

यंदा उन्हाळ्यात मी एका मुलीचं नाव पहिलीच्या यादीत घातलं. ती मुलगी बारावीत आहे आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज सकाळी पाच किलोमीटर धावते.

त्याचं असं झालं. लोणावळ्यातल्या आमच्या आळीच्या टोकाला पालिकेची मराठी शाळा आहे. मी तिथंच शिकलो आणि आता तिथंच शिकवतो. उन्हाळ्यात आम्ही मास्तरांनी घरोघर जाऊन सहा वर्षांची मुलं शोधायची, असा रिवाज. पण घरोघर कशाला हिंडायचं? सगळी आळी मला तोंडपाठ! खुर्चीत बसलो, चहा सांगितला आणि बसल्या बैठकीला नऊ नावं फोन नंबरांसकट लिहून टाकली. अक्षरही झकास आलं होतं.

आमच्या मुख्याध्यापिका बाई चौकस. त्यांनी यादीतल्या एका नंबरावर फोन लावला. फोन त्या मुलीनंच उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते की बाई. पण बाकावर माझे पाय मावतील का, तेवढं सरांना विचारा."

ते कुटुंब तळेगावला गेलं, तेव्हा ती आईच्या कडेवर होती. आळी सोडून गेलेली माणसं माझ्या डोक्यात मोठी होतच नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ नावांमधली खरी निघाली दोन.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "सर, यंदा पहिलीत आठ तरी मुलं बसली पाहिजेत. नाही बसली तर आपली शाळा हायवेपलीकडच्या शाळेत जोडणार आहेत. सहा वर्षांचं पोर तो हायवे ओलांडणार आहे का? घरीच बसेल ते."

मग मात्र मी उठलो.

आळीत हिंडताना मला पहिल्यांदाच रस्ता विचारावासा वाटला. आमच्या लहानपणी आळी कशी मिसळीसारखी होती, हे मी पाहुण्यांना नेहमी ऐकवतो. रेल्वेतले तमिळ फिटर, नाताळला केक वाटणारे गार्डसाहेब, चिक्कीवाले गुजराती, खिळ्यामोळ्यांचं दुकान असलेले बोहरी चाचा, खालच्या गावांतून आलेली आम्हा शेतकऱ्यांची घरं, जवळच्या भाजे गावाहून आलेली बौद्ध मंडळी. ऐकवताना माझ्या लक्षात येत नसे, की मी तीस वर्षांपूर्वीची आळी सांगतोय. फिटरांची मुलं चेन्नईला, गार्डसाहेबांची पुण्याला. आमचीच चुलत भावंडं हिंजवडीला. पुढच्या दारांवर आता 'होमस्टे'च्या पाट्या आहेत आणि मागच्या खोल्यांमधून नवी माणसं राहतात. फरशी बसवणारे बिहारचे, हॉटेलात स्वयंपाक करणारे ओडिशाचे, बंगले सांभाळणारे नेपाळचे, गवंडीकाम करणारे कलबुर्गीकडचे, चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या लातूरकडच्या बाया. आळी पूर्वीइतकीच मिसळलेली होती. मला तेवढी नव्यानं मोजायची होती.

काखेत रजिस्टर, खिशात लाल पेन, अशा थाटात मी पहिलं दार वाजवलं. "इथं मुलं किती?"

"नहीं हैं साहब," दारातली बाई म्हणाली. तिच्या पदराला धरून एक पोर माझ्याकडे टकामका बघत होतं.

"मग हा कोण?"

"मेहमान है."

दुसऱ्या दारातही पाहुणाच निघाला. तिसरं दार उघडलंच नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या रजिस्टरात एकही मूल नव्हतं. पाहुणे मात्र भरपूर.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी ही रडकथा सांगितली. मावशी मूळच्या भाज्याच्या. नवरा रेल्वेत गँगमन लागला तेव्हा आळीत आल्या. भीमजयंतीला त्यांच्या हातची खीर आळीतल्या प्रत्येक दारात जाते, त्यामुळे कुठलं दार कसं उघडतं हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वही घिऊन गेलतात व्हय?"

"मग? लिहायचं कशात?"

"अवो गुरजी, घरमालकांनी त्यान्ला बजावून ठिवलंय. खोलीत किती मानसं ऱ्हात्यात, ते कुनाला सांगू नका म्हून. घरपट्टी वाढंल ना. आन तुमी पालिकेची वही घिऊन दारात उभं. कोन पोर दाखवंल?"

"मग मोजायचं कसं?"

"दोऱ्या बगायच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. रजिस्टर त्यांनी मला शाळेत ठेवायला लावलं. हात मोकळे ठेवून चालायची सवय नसल्यामुळे मी ते मागं बांधले, तर म्हणाल्या, "आसं नगा करू, सायेब दिसताय." मग मी त्यांची भाजीची पिशवी धरली.

आळीच्या मागच्या बाजूला खोल्याखोल्यांपुढे दोऱ्या आहेत आणि त्यांवर कपडे. मावशी त्या दोऱ्या वाचत होत्या. "ही चड्डी तीन वरसाची, सोडा. ही सहाची, धरा. ह्यो फराक थोरलीचा हुता, आता धाकटी घालती, खालची टीप उसवलीय बगा. म्हंजी हितं दोन पोरी." मी मनात आकडे धरत होतो. एवढ्यात मलाही विद्या अवगत झाल्यासारखं वाटलं. एका बंगल्याच्या आउटहाउसपुढे लाल रंगाचा इवलासा सदरा वाळत होता. मी म्हणालो, "हा धरा मावशी, पाच-सहा वर्षांचा."

मावशी थांबल्या. पदर तोंडाला लावला. "गुरजी, बाह्या मोजा."

बाह्या चार होत्या. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या मालकांच्या कुत्र्याचा सदरा होता तो.

मावशी इतक्या हसल्या, की आउटहाउसमधून नेपाळची एक तरुण बाई काय झालं ते बघायला बाहेर आली. मावशींनी हातवारे करून माझा पराक्रम सांगितला. तीही हसायला लागली. आणि तिच्या मागून एक मुलगी आली, साधारण सहा वर्षांची, आणि आईला का हसतेस म्हणून विचारू लागली. दोन बाह्यांची, अगदी खरी.

त्यानंतर माझं काम सोपं झालं. प्रत्येक दारात मावशी आधी कुत्र्याची गोष्ट सांगत. कुणाशी हिंदीत, कुणाशी खुणांनी, लातूरच्या बायांशी मनसोक्त. गोष्टीतलं माझं शहाणपण प्रत्येक दारागणिक कमी होत गेलं. शेवटच्या दारात तर मी कुत्र्याला हाक मारून नाव विचारलं होतं. मग त्या म्हणत, "पालिकेचं काय न्हाई. शाळंत रोज गरम खिचडी हाय, मी करती. जूनला पोराला घिऊन येती, तयार ठिवा." ज्या दारात आदल्या दिवशी पाहुणा होता, तिथं त्या पोराचं नाव आणि वय दोन्ही मिळालं. त्याच्या आईनं मला पाणीही विचारलं.

मी मात्र खात्री धरली नव्हती. हो म्हणणं वेगळं आणि शाळेच्या वेळेला पोर दारातून बाहेर काढणं वेगळं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी नव्या मुलांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कोऱ्या कागदावर ठसे घ्यायची आमची पद्धत आहे. परातीत पाणी कालवून मी आणि बाई दारात उभे. घंटा झाली तेव्हा दोनच मुलं आली, माझ्या यादीतली ती खरी दोन. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, मी दर मिनिटाला बघत होतो. "अजून थांबू या," बाई म्हणाल्या. कोरा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्यावर डस्टर ठेवलं.

मग आळीच्या वळणावर मावशी दिसल्या. दोन्ही हातांना दोन, त्यांच्या हातांना आणखी दोन, अशी मोठी साखळी. सगळ्यांच्या डोक्याला तेल चपचपीत. आया मागून चालत होत्या. मावशी लांबूनच ओरडल्या, "एकेकाला न्हाऊ घालाय लागलं गुरजी, म्हून उशीर झाला!"

एकेक पाय परातीत बुडायला लागला. बिहारच्या पोरानं पाय बुडवले आणि धूम ठोकली. त्याचे ठसे व्हरांडाभर उमटले. त्याचेही धरले, तर कागदावर आणि कागदाबाहेर मिळून अकरा मुलं झाली. बाईंनी पुन्हा मोजली. अकराच.

संध्याकाळी घरी आलो तो हवेतच. बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. पायांचे ठसे, बाईंनी पुन्हा केलेली मोजणी, हायवेपलीकडे आता कुणालाही जावं लागणार नाही ते. अकरा मुलं आणि घरी बोलायच्या भाषा पाच, हेही अभिमानानं सांगितलं.

ती भाजी चिरत ऐकत होती. माझं सांगून संपल्यावर म्हणाली, "मोजून झाली ना एकदाची? मग आता शिकवा."