थेंबाला न मिटणारं लाजाळू

“झाडांशी बोलायचा म्हणे आमचा अण्णा… एकटा माणूस, दुसरं काय करणार!” तेराव्याच्या जेवणात आत्या शेजारणीला सांगत होती. मी कोशिंबिरीचं पातेलं घेऊन दोघींच्या मागे उभी होते. ओठांवर आलेलं वाक्य मी नेहमीसारखं गिळलं आणि पुढच्या पानाकडे वळले.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. शिवाजीनगरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत एकटे राहायचे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात ते तयार बोल्ट तपासत. मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर बाजूला… मधलं काही नाही. खिडकीतल्या लाजाळूच्या कुंडीवर त्यांनी सलाईनची रिकामी बाटली टांगली होती. तिच्यातून एकाच पानावर थेंब थेंब पाणी पडायचं. आधी पान दचकून मिटायचं, मग कमी मिटायचं, शेवटी उघडंच राहायचं. अण्णा पुटपुटत थेंब मोजायचे. सहावीत असताना मी ते दाराआडून पाहिलं आणि खाली येऊन म्हटलं, “अण्णा झाडाशी बोलतायत!” सगळे पोट धरून हसले. माझ्या बोलण्यावर घर हसलंय असं क्वचितच व्हायचं. मला ते फार आवडलं… आणि तेच वाक्य घरात राहिलं.

पुढे मी कॉलेजात बॉटनी घेतली तेव्हा अण्णांनी एका रविवारी मला वर बोलावलं. “बघ, आता मिटत नाही. थेंबाने आपलं काही बिघडत नाही, हे ओळखलंय त्याने.”

“ओळखायला मेंदू कुठाय त्याला, अण्णा? फटीग आहे ती. दमलंय झाड.”

“स्वल्प थांब,” असं कानडी वळणाने म्हणत त्यांनी त्याच पानाला बोट लावलं. पान झरकन मिटलं. “दमलं असतं, तर हे तरी कसं जमलं असतं?”

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये इतका स्वच्छ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी म्हटलं, “पुस्तकात बघते.” पुस्तकात काही सापडलं नाही, मग मी वर जायचंच टाळलं. “सापडलं का गं?” असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. या उन्हाळ्यात कामावरून परतताना ते बसमध्येच गेले.

चीड आत्याची येते, शेजारणीची येते. आयुष्यभर मापाशिवाय शब्द न काढणाऱ्या माणसाला या सगळ्यांनी भोळसट करून टाकलं. पण सुरुवात कुणाची होती…

परवा खोली आवरायला घेतली. कुंडीत मी रोज पाणी घालत होते, ते मुळाशी. पानावर महिनाभर एकही थेंब पडला नव्हता, म्हणजे दमलं असलं तरी एव्हाना ताजंतवानं व्हायला हवं होतं. आत्या बाटली कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा मी ती तिच्या हातातून घेतली, भरली आणि पुन्हा टांगली. थेंब पडला. पान उघडंच राहिलं. दुसरा, तिसरा… उघडंच. मी बोट लावलं, आणि ते मिटलं.

“पाहिलंस?” आत्याने पदर डोळ्यांना लावला. “बोलायला कुणी नाही, म्हणून वाट बघतंय गं त्याची.”

“आत्या, अण्णा झाडाशी बोलतात ही माझी थट्टा होती,” मी म्हटलं. “अण्णा थेंब मोजायचे. आणि त्यांचं बरोबर होतं.”