वसंताची दोन वर्षं

वसंता गेल्याचा फोन नागपूरहून आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझा मुलगा संजय म्हणाला, "आई, आधी बस." मी म्हटलं, "उभ्यानेच ऐकते, सांग." वसंता माझा धाकटा भाऊ. झोपेतच गेला. इकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला परत यायला त्याला आठ महिने उरले होते... उरले होते म्हणजे, कुणा शहाण्याने लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे.

तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. निवृत्त झाल्यावर इथल्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने त्याला दगडफुलांवर काम करायला बोलावलं. मी चौथी शिकलेली. विचारलं, "मसाल्यातलं दगडफूल बघायला विमानाने यायचं?" तो म्हणाला, "ताई, तू ते कुटतेस, मी ते ओळखतो. एवढाच फरक."

त्याच्या व्हिसाचा कागद दोन प्रकारचा मिळत होता. एक सहा महिन्यांचा, दुसरा पाच वर्षांपर्यंतचा. वसंताला राहायचं होतं पाचच महिने, मग घरी जाऊन पुढच्या हिवाळ्यात परत यायचं होतं. पण सहा महिन्यांचा कागद आमच्या घराला कमीपणाचा वाटला. "मामा, फाइव्ह इयर्सचा मिळतोय तर तोच घ्या ना यार," संजय म्हणाला. मीही म्हटलं, मोठा आहे तो घे. अक्कल कुणीच चालवली नाही.

दोन हजार सातच्या जानेवारीत तो आला आणि मेअखेर परत गेला. विद्यापीठाच्या व्हिसा ऑफिसातल्या बाईने गोड हसून "सी यू सून" म्हटलं आणि त्याची नोंद बंद करून टाकली. ती बंद झाली, की मोठ्या कागदावर आलेल्याला दोन वर्षं तसा कागद पुन्हा मिळत नाही. लहान कागदावर आलेल्याला ही अट नाही. मग आता लहान कागद द्या म्हटलं, तर ऑफिस म्हणालं, त्याच कामासाठी आम्ही तो देत नाही. म्हणजे ज्याचं काम अर्धं राहिलंय, त्यालाच येऊ द्यायचं नाही. एवढी हुशारी चौथीत शिकवत नाहीत.

दर रविवारी मी फोन करायचे.

"काय करतोयस?"

"शिक्षा भोगतोय, ताई."

"कसली?"

"पाच महिने नीट वागल्याची."

एकदा मी चिडून बोलले, "एवढा शिकलास, सही करताना कागद वाचता आला नाही?"

"तूच म्हणालीस, मोठा घे."

मी फोन ठेवला...

आता इथली मराठी मंडळी भेटायला येतात. "काकू, फार मोठे स्कॉलर होते हो." मी चहा देते. तो वाट बघत होता तेव्हा यातल्या एकालाही तो स्कॉलर असल्याचं सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या प्राध्यापकाचा फोन आला. वसंताने आणलेली दगडफुलांची पाकिटं तिथेच पडून होती आणि वरचं मराठी कुणालाच वाचता येईना. मी संजयबरोबर गेले. वसंताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी वाचत गेले, संजय इंग्रजीत सांगत गेला, प्राध्यापक लिहीत गेले. चिखलदरा, ओढ्याकाठचा दगड. चिखलदरा, आंब्याच्या खोडाची साल, उत्तरेची बाजू. मग एका पाकिटावर लिहिलं होतं, 'हे अवघड आहे. पुढच्या खेपेला, सावकाश.'

प्राध्यापक पेन धरून थांबले. संजयने विचारलं, "काय लिहिलंय, आई?"

"गावाचं नाव नाही म्हणावं," मी म्हटलं. "पुढचं काढ."