थांबा, जनरल येतोय

गणवेशातल्या माणसाबद्दल मला आयुष्यभर एक वेडगळ आदर होता. पुण्याच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो आणि तिथल्या एनसीसीच्या मुलांची परेडही घ्यायचो. पंधरा ऑगस्टला कडक इस्त्रीची खाकी, खांद्यावर मानद हुद्द्याच्या फिती, तोंडात शिट्टी. मी कधी कुणाशी लढलो नाही. तरी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना, टेलिफोनचं बिल भरायच्या रांगेत, मी एक वाक्य ठोकून द्यायचो: "देश दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, मग बघा कसा सरळ होतो." माझ्या ओळखीच्या निम्म्या मंडळींना हे वाक्य पाठ होतं. रांग पुढे सरकेपर्यंत तेवढंच तोंडाला काम.

हे वाक्य मी सामानाबरोबर अमेरिकेतही आणलं. त्यापायी माझ्या शेजाऱ्याची त्याच्या बहिणीशी भेट हुकली. गेली सहा वर्षं मराठी मंडळात, देवळात, ओक ट्री रोडवरच्या दुकानात मी ही हकिकत सांगत आलो, आणि दर वेळी सगळा दोष एका जनरलच्या माथी मारला. जनरल दोषी आहेच, त्याला सोडायचा माझा विचार नाही. पण मी अर्धीच हकिकत सांगत होतो.

मुलाकडे एडिसनला राहायला आलो तेव्हा आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आजी-आजोबांना एकच काम होतं. दुपारी नातवंडांची पिवळी बस यायच्या आधी कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. बस येईपर्यंत जगाचा कारभार आम्ही चालवायचो. तिथे चाचा भेटले. ते आमच्या खालच्या मजल्यावर मुलीकडे राहत. कराचीच्या एका जहाज कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. माझी सून त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी माझ्या पुणेरी हिंदीत थंडीबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मराठीत बोला हो. कशाला दोघांना त्रास?"

ते मूळचे हर्णैचे निघाले. तरुणपणी चुलत्याबरोबर मुंबईहून बोटीने कराचीला नोकरीला गेले आणि तिकडचेच झाले. हर्णैला त्यांची थोरली बहीण होती, त्यांची आपा. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं. आता ती ऐंशीच्या पुढे, कानाने पार गेलेली. फोनचा काही उपयोग नव्हता. भाचा रिसीव्हर तिच्या कानाला लावायचा, ती आपलंच बोलत राहायची आणि शेवटी, "मला काय ऐकू येत नाय रे, तू ये," म्हणून फोन परत द्यायची. चाचांनी तिच्यासाठी इथे कानाचं यंत्र विकत घेतलं होतं. कुणाबरोबर पाठवून का देत नाही, असं मी विचारलं.

"आणि पहिला आवाज कोणाचा ऐकेल ती? दुकानदाराचा?" ते म्हणाले. "मी बसवणार तिच्या कानात. पहिला आवाज माझा."

२००१ च्या वसंतात भाच्याने हर्णैहून लागणारे कागद पाठवले. पाकिस्तानी पासपोर्टवर भारताचा व्हिसा सहज मिळत नसे, पण तेव्हा मिळत होता. चाचा अर्ज करायला निघालेच होते. धास्ती होती ती एवढीच, की तिकडे पोहोचल्यावर पोलिसांत हजेरी द्यायची, आणि या वयात एकट्याने ठाण्याची पायरी चढायची. बसची वाट पाहताना ते हे बोलले आणि माझ्यातला परेडमास्तर जागा झाला.

"घाई कशाला करता?" मी म्हणालो. "तुमचा जनरल येतोय जुलैमध्ये आग्र्याला, आमच्या पंतप्रधानांशी बोलायला. एकदा करारावर सही होऊ द्या, व्हिसा चहा मागितल्यासारखा मिळेल. मग दिवाळीनंतर मी जाणारच आहे पुण्याला. तुमच्याबरोबर हर्णैपर्यंत येतो, ठाण्यातही मीच बोलतो."

"मास्तर, मी तीन जनरल पाहिलेत. हा चौथा."

"ते वेगळे होते."

"खांद्यावरचं सामान तेच असतं हो."

"अहो, फौजी माणूस आहे. आत एक बाहेर एक असं नसतं त्यांच्यात. पुढाऱ्यांची इतक्या वर्षांची चर्चा हा एका बैठकीत संपवेल."

शेजारी उभे असलेले एक पंजाबी आजोबा म्हणाले, "मास्टरजी को उधर का वज़ीर बना दो!" आणि सगळे हसले. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "पहिल्याने पासष्टमध्ये काश्मिरात माणसं घुसवली. त्याला वाटलं, लोक हार घेऊन उभे असतील. लढाई पेटली आणि मुंबईची बोट बंद झाली. टपालही बंद. माझा बाप त्या दिवसांत वारला, मला कळलं केव्हा, तर त्याच्या कबरीवर गवत उगवल्यावर. हर्णै आधी बोटीच्या अंतरावर होतं. त्या माणसाच्या एका लहरीत ते चंद्रावर गेलं."

एवढं ऐकूनही मी माझंच टुमणं लावलं. वर्गात चाळीस मुलांपुढे बोलून बोलून मला एक खोड लागली होती, की समोरचा गप्प झाला म्हणजे त्याला पटलं. चाचांना पटलं नव्हतं. पण ठाण्यात मी बरोबर असेन, या एका आशेवर ते थांबले. भाच्याने पाठवलेले कागद कपाटात गेले.

जुलैत आम्ही दोघांनी त्यांच्या घरी टीव्हीपुढे बसून ती भेट पाहिली. जनरलचा जन्म दिल्लीतला. त्याला त्याचं जन्मघर दाखवायला नेलं. लहानपणी त्यांच्याकडे कामाला असलेली म्हातारी भेटली, कॅमेरे चमकले. मी भारावून म्हणालो, "बघा, माणूस आहे शेवटी." चाचा म्हणाले, "जनरलच व्हायला हवं होतं मी. हर्णै दाखवलं असतं मला."

मग आग्रा. तिथे या गृहस्थाने संपादकांना नाश्त्याला बोलावलं आणि बंद दाराआड बोलायच्या गोष्टी त्यांच्यापुढे टाकल्या. त्या सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. सही राहिली बाजूला, पाहुणा विमानात बसून परत. आणि मी म्हणे इतिहासाचा शिक्षक! याच माणसाने दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते मला ठाऊक नव्हतं का? आमचे पंतप्रधान बसने लाहोरला गेले होते, तिथे गळाभेटी चालल्या होत्या, आणि हा कारगिलच्या डोंगरांवर माणसं चढवायच्या उद्योगात होता. शिखर कसं घ्यायचं एवढं नकाशावर आखलेलं. शेजारी काय करेल, जग काय म्हणेल, हा विचार कुणी करायचा? स्वतःचेच जवान तिथे मेले, तर ते आमचे नव्हेतच म्हणून हात वर केले. मग त्याच वर्षी सरकार उलथून देशच ताब्यात घेतला.

याला मी धडाडी म्हणत होतो. परेडच्या मैदानावर 'सावधान' म्हटलं की पोरं हलत नाहीत, आणि आज्ञा देणाऱ्याला वाटू लागतं की जग असंच चालतं. मलाही वाटायचं, आणि माझ्यापुढे तर आठवीतली पोरं असायची. असला माणूस देशाच्या गादीवर बसला की शेजाऱ्यालाही हुकूम सोडून पाहतो. शेजारी हलतो, तेव्हा याला अपमान वाटतो. मग अपमान धुवायला दुसरी लहर. बोटी, गाड्या, टपाल बंद पडतं ते बहीणभावांचं. जनरलचं विमान कधी बंद पडत नाही.

डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. दोन्हीकडची सैन्यं सीमेवर जाऊन उभी राहिली. रेल्वे बंद, बस बंद, वकिलातीतली निम्मी माणसं परत. व्हिसाचं नाव काढायची सोय राहिली नाही. आमच्या कोपऱ्यावरही सीमा पडली. आमचे लोक बर्फातून चार पावलं सरकून उभे राहू लागले आणि "एकदाचं होऊनच जाऊ दे," असं एकमेकांना सांगू लागले. गुडघ्याला पट्टे बांधलेले, हातात नातवाचा टिफिन, आणि गप्पा अणुबॉम्बच्या. चाचा पलीकडच्या झाडाखाली एकटे उभे राहत. मी मधे कुठेतरी उभा राहायचो. हीदेखील काही मोठी मर्दुमकी नव्हती.

जानेवारीत काठमांडूच्या परिषदेत जनरल भाषण संपवून अचानक आमच्या पंतप्रधानांकडे चालत गेला आणि हात पुढे केला. फोटो झकास आला. सैन्यं होती तिथेच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. चाचा जिना चढून आमच्याकडे आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आपा गेली."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुमच्या त्या जनरलने घात केला हो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग "हं," म्हणाले आणि रेलिंगला धरून खाली गेले. त्या दिवसापासून माझी अर्धी हकिकत सुरू झाली. बसच्या कोपऱ्यावर, त्यांच्या देखत, मी ती कितीदा सांगितली. त्यांनी एकदाही मला खोटं पाडलं नाही.

दोन वर्षांनी वारं फिरलं. क्रिकेटचे सामने झाले, बसगाड्या पुन्हा धावल्या, आणि तोच जनरल आता शांतिदूत म्हणून मिरवू लागला. आमच्या मंडळातही त्याचं कौतुक झालं. व्हिसा मिळू लागले. मी चाचांना म्हणालो, "आता जाऊ या." ते म्हणाले, "यंत्र कोणाच्या कानात बसवू?"

पुढे त्यांचेच कान गेले. मुलीने नवीन यंत्र घ्यायचं काढलं, तर यांनी ट्रंकेतलं ते जुनं बाहेर काढलं आणि आपल्या कानात घातलं.

या ऑगस्टमध्ये जनरलने राजीनामा दिला. त्याचं निरोपाचं भाषण आम्ही पुन्हा चाचांकडेच पाहिलं. माझ्या मुलाचा एक मित्र सोबत होता. नागपूरचा, व्हिसावर आलेला इंजिनियर, चांगला मुलगा. भाषण लांबत चाललं होतं. आपण देशासाठी काय काय केलं, ते जनरल सांगत होता. हा मुलगा चहाचा कप ठेवून म्हणाला, "काहीही म्हणा काका, माणूस डिसिप्लिनचा होता यार. आपल्याकडे पण दोन वर्षं मिलिटरी रूल लावला ना, सगळं फिक्स होऊन जाईल."

चाचा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं वाक्य. अजून चालतंय हो."

त्यांच्या डोळ्यांत थट्टा होती, पण ते वाट पाहत होते. आणि तेव्हा मी पहिल्यांदा उरलेली अर्धी हकिकत सांगितली. त्या मुलाला म्हणालो, "चाचांना बहीण होती. कागद आले होते, ते जाणार होते. मी त्यांना थांबा म्हणालो. जनरल येतोय, थांबा."

मुलगा ओशाळला. "इट्स ओके काका, तुम्हाला तेव्हा काय माहीत."

"माहीत होतं त्यांना," चाचा शांतपणे म्हणाले. "मी सांगितलं होतं."

चाचांनी टीव्हीकडे पाहिलं. मग कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं, तशी त्याची बारीक शिट्टी सुरू झाली. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "बंद करा हो, मास्तर. त्याचं बटण मला दिसत नाही."

मी ते बंद करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. जनरल बोलतच होता.