चिमटा सर आणि धबधब्यामागची गोगलगाय

चिमटा सर पाण्याला घाबरायचे. थोडंथोडकं नव्हे. आंघोळीची बादली ते अर्धीच भरत; काठोकाठ भरलेली दिसली की निम्मी ओतून देत. एकदा मुंबईला लाँचने जाऊ म्हणून मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत गेले, लाँच डुलताना पाहिली आणि आल्या पावली एसटीने परत आले. आणि अशा माणसाने उभा जन्म घालवला कशात, तर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमध्ये. त्याही बोराएवढ्या नव्हेत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, तिळाएवढ्या, फार तर तांदळाएवढ्या.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. बाकीच्या प्राध्यापकांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. हे भिंग ते घरच्या लग्नातसुद्धा काढत नसत, त्यामुळे फोटोत ते नवरीच्या मागे उभे राहिलेले तांत्रिक दिसतात. पाण्याची एवढी भीती कशामुळे, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "कारण शोधू नकोस. लक्षणं बघ, नोंद कर आणि पुढे चल."

माझ्या हुशारीमुळे सरांनी मला जवळ केलं, असं मी कामोठ्यातल्या माझ्या क्लासच्या मुलांना सांगतो. (हो, मी बायोलॉजीचे क्लास घेतो. त्याच विषयात मी एकदा नापास झालो होतो, हे पाटीवर लिहिलेलं नाही.) घडलं ते असं. सरांनी एकदा वर्गावरून नजर फिरवली, ती माझ्यावर थांबवली आणि विचारलं, "तुझं वजन किती रे?" मी सांगितलं. सर खूश झाले. "शनिवारी वडाळे तलावावर ये," म्हणाले. तिथे गेल्यावर कळलं की दोरीचं एक टोक सरांच्या कमरेला बांधायचं, दुसरं माझ्या पोटाला, आणि मग सर घोटाभर पाण्यात उतरणार. माझी नेमणूक होडीचा नांगर म्हणून झाली होती. पुढे त्यांनी मला नावाने हाक मारलीच नाही. "नांगर, चल" म्हणायचे. वर्ष संपलं, कॉलेज संपलं, सर निवृत्त झाले, माझं वजन वाढलं. नेमणूक कायम राहिली.

दोरीची भाषा ठरलेली होती. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे बाहेर. सरांनी दिले तर मी ओढायचं, मी दिले तर सरांनी यायचं. सोपी भाषा, पण मी तिच्यातही घोळ घातला. पहिल्याच आठवड्यात काठावर उभा असताना मला लागोपाठ दोन शिंका आल्या. माझ्या पोटाची शिंक साधी नसते. सर चिखलातून असे पळत सुटले की एक चप्पल तलावाला अर्पण झाली. काठावर आल्यावर पांढऱ्याफटक चेहऱ्याने मला विचारलं, "काय दिसलं? साप?" मी म्हटलं, "सर, सर्दी." त्यांनी खिशातला रुमाल मला दिला आणि चिमटा पुसायला घेतला.

आणि तरीही ते पुन्हा पाण्यात उतरले. दर शनिवारी उतरायचे. दर शनिवारी तेवढेच घाबरायचे. मी वाट बघत होतो की कधीतरी सवय होईल. झाली नाही.

गोगलगायी ओळखायची त्यांची रीत ऐकायला अगदी सोपी होती. जलपर्णीचं पान उलटं करायचं, खाली चिकटलेला दाणा चिमट्याने उचलायचा, भिंगाखाली धरायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "दार आहे का?" काही गोगलगायींच्या पाठीवर चकतीसारखं झाकण असतं. अंग आत ओढलं की हे झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट बसतं. सर त्याला दार म्हणत. दाराच्या गोगलगायी कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यांना बहुतेक स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. बिनदाराच्यांना फुप्फुस असतं, त्या हवा घ्यायला वर येतात आणि गटारातही सुखाने नांदतात. दुसरा प्रश्न, "टोक वर धर. तोंड उजवीकडे उघडतं की डावीकडे?" या दोन प्रश्नांत अर्धं जग वाटलं जायचं.

माणसांनाही ते हेच लावायचे. माझं वर्गीकरण पहिल्याच दिवशी उरकलं. "तू बिनदाराचा. सारखा हवा खायला वर येतोस आणि काहीही आत राहत नाही तुझ्या." स्वतःबद्दल विचारलं तर नुसते हसायचे.

आणखी एक घोळ सांगतो. मोबाइल नवा घेतला होता. त्यावर एका गोगलगायीचा फोटो काढून मी रात्रीच सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, डाव्या तोंडाची." त्या जातीत डाव्या तोंडाची कुणी पाहिली नव्हती. सर पहाटे रोडपालीच्या घरून माझ्या दारात हजर. दाणा भिंगाखाली धरला. तोंड उजवीकडे. मी फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढला होता आणि त्याने उजव्याचं डावं केलं होतं. सर रागावले नाहीत, फक्त खुर्चीत खचून बसले आणि म्हणाले, "नांगर, जे डोळ्याने दिसलं तेवढंच खरं धर. नाहीतर मला हार्ट अॅटॅक यायचा."

पण खरी गोष्ट एका रिकाम्या शंखाची आहे.

नेरे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक छोटा धबधबा आहे. त्याच्याखाली कुंड, आणि पडत्या पाण्याच्या मागे काळ्या दगडाची भिंत. कुंडाच्या काठावरच्या वाळूत सरांना फार पूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढे शंख सापडले होते. निमुळते, उजव्या तोंडाचे. तसे त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिले नव्हते. पण सगळे रिकामे, मेलेल्या गोगलगायींचे, वाहून आलेले. गोगलगाय मेली की दार आधी गळून जातं. म्हणजे रिकाम्या शंखावरून ती दाराची की बिनदाराची हे सांगता येत नाही, आणि पहिल्याच प्रश्नाला सरांचं घोडं अडलेलं. जिवंत गोगलगाय त्या भिंतीवर तुषारांत राहत असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. उन्हाळ्यात कुंड कोरडं पडे, तेव्हा सर बिनधास्त भिंतीपर्यंत जात. पण तेव्हा भिंतही कोरडी, आणि गोगलगाय कुठल्या भेगेत जाऊन बसे कोण जाणे. पावसात ती बाहेर येणार, तर पावसात मध्ये कंबरभर पाणी.

दर पावसाळ्यात आम्ही तिथे जायचो. सर कमरेला दोरी बांधायचे, काठावर उभे राहायचे, पाण्यात पाऊल टाकायचे. एखाद्या वर्षी घोट्यापर्यंत. एखाद्या वर्षी पिंढरीपर्यंत. मग परत फिरायचे. एखाद्या पोहणाऱ्या पोराला का पाठवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पोराला पाण्यात लोटायचं आणि आपण काठावर उभं राहायचं? इतका भित्रा मी नाही." मीच जातो, असं मी त्यांना कधीही म्हटलं नाही. बिनदाराचा असलो तरी तेवढं वाक्य मी आत ठेवू शकलो.

आम्हाला नेणारा घरत. रोडपालीत त्याची स्वतःची चार मजली बिल्डिंग आहे, भाडेकरू आहेत, पण रिक्षा सोडवत नाही. घरात बसलं की बायको कामं सांगते, म्हणतो. आमचं सगळं प्रकरण बघून तो एकदा म्हणाला, "सर, तुमी दोगंबी भिता. मंग येता कशाला?"

सर म्हणाले, "न भिणारा कोणी इकडे येतच नाही रे. त्याला दुसरी कामं असतात."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सरांनी फोन केला. मुलगी गणपतीनंतर त्यांना नागपूरला कायमचं घेऊन जाणार होती. गुडघे गेले होते, एकट्याने राहणं जमत नव्हतं. आवाज नेहमीसारखाच होता. "नांगर, या पावसात नाही तर मग नाहीच," एवढंच बोलले.

आम्ही पोचलो तेव्हा कुंड भरलेलं होतं. धबधब्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. घरतने डोंगराच्या माथ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "आज नाय जायाचा, सर. वरती आभाल काला हाय." सरांनी ऐकलं, मान डोलावली, आणि दोरी बांधायला घेतली. त्यांना गाठ बसेना, म्हणून ती मी मारली. माझीही सैलच बसली. मग ती गाठ घरतने सोडून पुन्हा मारली.

घरत वरच्या वळणावर पाण्यावर नजर ठेवायला गेला. सर उतरले. घोटा, पिंढरी. तिथे थांबले, आणि मला वाटलं, झालं, आता फिरतील. मी परतीचा विचार सुरू केला, अगदी चहापर्यंत पोचलो. सर गुडघ्यापर्यंत गेले. मग मांडीपर्यंत. मग कंबर दिसेनाशी झाली आणि माझ्या पोटावरची दोरी ताठ झाली. त्या क्षणापर्यंत मला आपण नांगर आहोत ही गंमत वाटत होती. त्या क्षणी लक्षात आलं की या म्हाताऱ्या माणसाचा जीव माझ्या पोटाला बांधलेला आहे आणि मला पोहता येत नाही.

ते भिंतीला पोचले. डाव्या हाताने दगड धरला, उजव्या हाताने भिंग डोळ्याला लावलं, नाक भिंतीला टेकवलं. तेवढ्यात वरून घरत धावत आला. तो ओरडत होता, मला ऐकू येत नव्हतं, पण त्याचा हात पाण्याकडे होता. पाण्याचा रंग बदलला होता. स्वच्छ होतं ते चहासारखं झालं, त्यावर पाला आणि काटक्या आल्या. घरत माझ्या कानाशी आला. "पानी वाडतंय. सरांना काड बाहेर."

मी दोन झटके दिले.

दोरीवरून एक झटका आला. थांब.

मी पुन्हा दोन झटके दिले. पुन्हा एकच झटका. काटक्यांनंतर आता एक अख्खी फांदी आली. ओढावं तर त्यांचा तोल जाईल आणि ते पाण्याखाली जातील. न ओढावं तर पाणीच त्यांना नेईल. घरत माझ्याकडे बघत होता. पुढे ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते म्हणाले, शाबास, धीर धरलास. धीर कसला डोंबलाचा. माझे हात गोठले होते. घरतने नंतर सांगितलं की मी तोंडाने "दार आहे का, दार आहे का" एवढंच पुटपुटत होतो.

मग दोन झटके आले.

आम्ही दोघांनी ओढलं. सर दोन्ही हातांनी दोरी धरून आले. मध्येच एकदा त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं, तेवढ्यात मी माझ्या आयुष्यातले सगळे देव आठवले. काठावर पडले तेव्हा चष्मा गेलेला, चिमटा गेलेला, गळ्यात भिंग तेवढं उरलेलं. खूप वेळ खोकत होते. आम्ही त्यांना धरून वर रिक्षापर्यंत आणलं तेव्हा मागे कुंड दिसत नव्हतं, नुसतं लाल पाणी खदखदत होतं.

त्यांच्या रिकाम्या मुठी बघून मी विचारलं, "आणली नाहीत?"

"दोन्ही हात दोरीला लागले," सर म्हणाले. दात वाजत होते. मग हसायलाच लागले. "दार आहे, नांगर. मी एवढा घाबरलो होतो की श्वास जोरात सुटला. तिच्यावर. ती दचकली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मधाच्या रंगाचं, माशीच्या पंखासारखं. ती भ्याली म्हणून तर मला कळलं."

घरतने सीटखालचं कोरडं फडकं काढून त्यांचं डोकं पुसलं आणि म्हणाला, "आता नाय आनायचा तुमाला इकडं." सर म्हणाले, "आता कशाला येतोय."

मी म्हटलं, सर, लिहून पाठवा ना कुठेतरी, एवढी मोठी गोष्ट. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पुन्हा सेल्फीचा फोटो काढला होता. हातात जिवंत गोगलगाय नाही, दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, आणि नुसत्या एका घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या शब्दावर कोण का विश्वास ठेवेल? "मला कळलं, तेवढं माझ्यापुरतं पुष्कळ आहे," म्हणाले. "बाकीच्यांना हवं असेल तर त्यांनी घाबरून यावं."

गणपतीनंतर सर नागपूरला गेले. स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात दोरी होती, नीट गुंडाळलेली. मी ती पोटाशी धरून गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो. त्या हिवाळ्यात झोपेतच ते गेले. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत बादली अर्धीच भरायचे.

यंदा पाऊस नीट लागल्यावर मी घरतला फोन केला. त्याने आधी मला वेड्यात काढलं, मग विचारलं, किती वाजता. धबधब्यावर पोचल्यावर दोरीचं एक टोक मी माझ्या पोटाला बांधलं, दुसरं त्याने स्वतःच्या कमरेला. माझ्या गाठीवर त्याचा विश्वास नसल्याने दोन्ही गाठी त्यानेच मारल्या. माझं वजन बघता नांगर कोण आणि होडी कोण याबद्दल आम्हा दोघांनाही शंका होती.

मी पाण्यात उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. समोर धबधब्याच्या मागे काळी भिंत होती, आणि तिच्यावर कुठेतरी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या घरात, कोणीतरी दार लावून किंवा उघडून बसलेलं होतं. मी आणखी एक पाऊल टाकलं. मागे बघितलं तर घरत दोरी दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे मिटून उभा होता.

मी परत फिरलो. रिक्षात बसल्यावर घरतने विचारलं, कुठवर गेलास? मी म्हटलं, गुडघ्यापर्यंत. त्याने मान डोलावली. "सरांना यवड्याला किती पावसाले लागले व्हते," म्हणाला, आणि रिक्षा सुरू केली.