मालक व्हायला गेलो तेव्हा

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कुठलीही गोष्ट आधी वाचायची, टिपणं काढायची, मग करायची, ही सवय सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या गुरुजींनी लावली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण भाड्याने देण्यासाठी एक फ्लॅट विकत घ्यावा असं मनात आलं, तेव्हा याच सवयीने मला जरा जास्तच शहाणं करून टाकलं.

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी नोकरीला आहे. अकरा वर्षं इथे भाड्याने राहिलो, पाच घरं बदलली. माझ्या पगारातून आणि बायकोच्या शिकवण्यांतून साठलेली रक्कम बँकेत होती. डाव एकच होता. फसला, तर मुलगी कॉलेजला जाईपर्यंत तेवढे पैसे पुन्हा साठणार नव्हते.

महिनाभर व्हिडिओ पाहून मी संगणकावर एक तक्ता केला. त्यात बावीस रकाने होते. किंमत, भाडं, मेंटेनन्स, मेट्रोपासूनचं अंतर, पोहण्याचा तलाव आहे की नाही, सगळं त्यात. बायको म्हणाली, "आपलं लग्न ठरवताना तुमच्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती."

तक्त्यात व्हाइटफील्डचा एक फ्लॅट पहिला आला. एजंट म्हणाला, "सर, भाडेकरू आत बसलेलाच आहे. तुम्ही फक्त सही करा, पहिल्या महिन्यापासून भाडं तुमच्या खात्यात." रविवारी टोकनचा चेक खिशात घालून आम्ही दोघं गेलो. खाली पार्किंगवरून एजंटची वॉचमनशी जुंपली. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

कडेवर बाळ घेतलेल्या एका तरुण बाईने दार उघडलं. आता, अकरा वर्षांत अशा परक्या दारात मी उभा राहिलो होतो तो फक्त घर मागायला. माझे हात आपोआप जोडले गेले. चपला जिन्यापाशीच काढून मी कानडीत सुरू झालो, "नमस्कार अक्का. आम्ही तिघंच. नोकरी कायमची आहे. पाहुणे फार येत नाहीत. भिंतीत खिळे ठोकत नाही."

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

बाईचा चेहरा मात्र उजळला. "या अण्णा, बसा. आम्ही महिनाअखेर सोडतोय. मालक नवे भाडेकरू शोधतायत, ते तुम्हीच ना?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण ती इतक्या आपुलकीने बोलत होती की तिला चुकीचं ठरवायचं जिवावर आलं. "बघायला आलोय," एवढंच म्हणालो.

"मग ऐका. बोअरवेल आटलीय, सगळं टँकरवर. उन्हाळ्यात सकाळी एक तास पाणी. दोन वर्षांत या घरातले आम्ही तिसरे, मधे तीन महिने कुलूपच होतं." तिने न्हाणीघर दाखवलं. आत पिंपांची रांग. तिने नळ सोडला, तो नुसताच खाकरला.

"भाडं किती देता?" बायकोने विचारलं. बाईने सांगितलेला आकडा माझ्या तक्त्यातल्यापेक्षा चार हजारांनी कमी होता.

तेवढ्यात एजंट वर आला. "काय सर, आवडला ना? मॅडम, हे तुमचे नवे मालक!"

बाईने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मालक? मग मला खिळ्यांचं कशाला सांगत होता?"

"सवय हो, अक्का," मी म्हणालो.

एजंटने टोकनची आठवण करून दिली. नको म्हणायला हवं हे मला कळत होतं, पण त्याने आम्हाला गाडीतून आणलं होतं, वाटेत कॉफी पाजली होती. "तुम्ही आमच्यासाठी फार कष्ट घेतलेत," अशी मी सुरुवात केली. तो होकार समजून त्याने पेन पुढे केलं.

"अहो, त्या बावीसांत पाण्याचा रकाना होता?" बायकोने विचारलं.

"नव्हता."

"तलावाचा होता!" मग ती एजंटकडे वळली. "बेडा, अण्णा, नको. चेक मिळणार नाही."

"मॅडम, स्वल्प विचार करा. आणखी दोन पार्ट्या मागे लागल्यात."

"त्यांना आधी नळ सोडून दाखवा."

लिफ्टमध्ये ती म्हणाली, "यापुढे तुम्ही भाडेकरू म्हणूनच घरं बघा. मालकाला कोण खरं सांगणार आहे?"

तशी आम्ही पुढे सात घरं पाहिली. सातव्या घराच्या मालकीण आजींना मी भाडेकरू म्हणून इतका पसंत पडलो की त्यांनी भाडं दोन हजारांनी कमी केलं. त्यांना नाही म्हणवेना, म्हणून सध्या आम्ही तिथेच राहतो. पैसे बँकेतच आहेत. पाणी चोवीस तास आहे.