जिन्याखालच्या कुठूनबाई

कुठूनबाईंच्या हातात कोणतीही वस्तू ठेवली की त्या पहिला प्रश्न 'कुठून?' असाच विचारीत. वस्तू पेढा असो, पुस्तक असो वा रुमाल. विद्यार्थ्यांनी त्यांचे हे नाव त्यामुळेच पाडले होते, आणि बाईंना ते ठाऊक होते. एकदा शिपाई गावकरमामा पुड्यातून भजी घेऊन आले.

"कुठून?"

"लालबागसून."

"लालबाग केवढं मोठं आहे, मामा!"

गावकरमामा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले, पण मालवणी त्यांनी कोणासाठीच सोडली नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "पुलाखालची गाडी, बाईनू. अक्षांश तेवढो इचारूचो रवलो."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तरीही पुड्यावर पेन्सिलीने 'लालबाग, पुलाखाली' असे लिहून मगच त्यांनी पहिले भजे उचलले.

परळच्या आमच्या महाविद्यालयात त्यांची खोली जिन्याखाली होती. डावीकडे ग्रंथालय, उजवीकडे वनस्पतिशास्त्र विभाग. बाई मूळच्या ग्रंथालयाच्या. पुस्तकांच्या सूची करता करता शेजारच्या विभागातली जुनी कपाटे त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांत जाड कागदावर टाके घालून बसवलेली वाळकी झाडे होती आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: झाडाचे नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. या चिठ्ठ्यांची पुस्तकांसारखीच सूची करून ती संगणकात घातली, प्रत्येक झाड नकाशावर त्याच्या जागी ठेवले, तर या शहरात एके काळी कुठे काय उगवत होते हे कोणालाही घरबसल्या पाहता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यावर त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढची सारी नोकरी त्यातच घातली. ग्रंथालयातले लोक त्यांना 'झाडपाल्याच्या बाई' म्हणत, वनस्पतिशास्त्रातले 'लायब्ररीच्या बाई'. दोन्ही विभागांच्या सहली निघत. बाई खिडकीतून बस जाताना पाहत.

मी त्यांच्याकडे गेलो तो चव्वेचाळिसाव्या वर्षी. ज्या कंपनीचे ग्रंथालय मी अठरा वर्षे सांभाळले ते बंद झाले होते. पदव्या होत्या, पण चार माणसांत तोंड उघडण्याची भीती माझी कधी गेली नव्हती. चिठ्ठ्या संगणकात उतरवण्याचे कंत्राटी काम होते. पहिल्या दिवशी बाईंनी अर्थातच विचारले, "कुठून आलात?"

"ठाकूरद्वारहून."

"वाडी कोणती ते आज विचारत नाही. घाबरलेले दिसता. उद्या विचारीन."

माझ्या हातून मोठी चूक घडली ती या भीतीपोटीच. कित्येक चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून नुसते 'मुंबई' लिहिलेले असे. ठिकाणाचा रकाना भरायचा म्हणून मी संगणकाने सुचवलेला बिंदू निमूटपणे स्वीकारीत गेलो. दोन महिन्यांनी बाईंनी नकाशा उघडला. शेकडो झाडे एकाच टिंबावर गोळा झाली होती, आणि ते टिंब पडले होते दादरच्या फूलबाजारात.

"अहो, झेंडूच्या ढिगात खारफुटी उगवली आहे," बाई म्हणाल्या. "भरती येते का तिथं?"

दारातून गावकरमामा म्हणाले, "दसऱ्याक येता."

मी मात्र मान वर करू शकलो नाही. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "टिंब चुकलं त्याचं काही नाही, ते आपण पुसू. 'ठाऊक नाही' असं लिहायची तुम्हाला लाज वाटली, ती कशी पुसायची?" मग त्यांनी मला टिंबाभोवती वर्तुळ काढायला शिकवले. झाड नेमके कुठले हे जितके कमी ठाऊक, तितके वर्तुळ मोठे. चिठ्ठीवर रस्त्याचे नाव असेल तर रस्त्याएवढे, नुसते 'मुंबई' असेल तर मुंबईएवढे. "रकाना भरायचा म्हणून कधी भरू नका," हे त्यांनी मला तेव्हा प्रथम सांगितले. पुढे ते वाक्य मी रोज ऐकले.

मी पीएच.डी. करावी हा आग्रहही त्यांचाच. प्रवेशपरीक्षा मी कसाबसा उत्तीर्ण झालो, परंतु तो निकाल ठरावीक मुदतीपुरताच ग्राह्य होता आणि या वयाच्या विद्यार्थ्याला घ्यायला दुसरे कोणी मार्गदर्शक तयार नव्हते. बाई तयार होत्या. पण त्यांनाच मार्गदर्शक म्हणून मान्यता नव्हती. मान्यतेच्या अर्जात 'विषय (एकच लिहावा)' असा रकाना होता. बाईंनी पूर्वी दोनदा तिथे दोन्ही विषय लिहिले होते आणि अर्ज दोनदा परत आला होता. एकदा तर वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाने 'हे ग्रंथालयाचे काम आहे' असा शेरा मारला आणि ग्रंथालयशास्त्राच्या तज्ज्ञाने नेमका उलटा. ते दोन्ही कागद बाईंनी एकाच टाचणीने एकत्र लावून ठेवले होते.

माझ्या निकालाची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते तेव्हा त्यांनी तिसरा अर्ज काढला. मी समोर उभा होतो. विषयाच्या रकान्यात त्यांनी 'ग्रंथालयशास्त्र' असे लिहिले आणि पेनाचे टोपण लावले.

"बाई, पण झाडं..."

"रकाना एका विषयाचा आहे."

"तुम्हीच म्हणता ना, भरायचा म्हणून भरू नये?"

"झाडांच्या बाबतीत म्हणते. तुम्ही काही वाळवून कपाटात ठेवायचे नाही आहात."

मी 'नको' म्हणायला हवे होते. मी 'आभारी आहे' असे म्हणालो.

मान्यता आली, माझी नोंदणी झाली. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या विभागाचे पत्रही आले. बाईंनी स्वतःच आपला विषय लिहून दिलेला असल्याने वनस्पतिसंग्रहाची जबाबदारी त्यांच्याकडे राहणे उचित नाही, तरी कपाटांच्या किल्ल्या परत कराव्यात. भाषा अतिशय सभ्य होती. बाईंनी किल्ल्या एकेक पुसून दिल्या. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे त्या त्याच खोलीत बसून माझी प्रकरणे तपासत राहिल्या. उजवीकडचे दार त्यांनी पुन्हा उघडले नाही. 'कुठून?' असे विचारणेही कमी झाले. एकदा मी पेढे नेले तर त्यांनी नुसताच पेढा घेतला. त्या दिवशी घरी जाताना मला आपल्या प्रबंधाची लाज वाटली.

निवृत्तीनंतर दीड वर्षातच बाई गेल्या. आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. गेल्या महिन्यात मूल्यांकनाची समिती येणार म्हणून शेजारची कपाटे उघडली गेली आणि राहिलेल्या नोंदी करून देण्यास मला सांगण्यात आले. गावकरमामांनी गठ्ठा आणून ठेवला. त्यातला तळाचा कागद नवा होता. त्यावर बोटभर लांबीचा एक नेचा टाके घालून बसवलेला, खाली बाईंचे अक्षर. तारीख किल्ल्या परत केल्या त्या दिवसाची.

"बाईंनी माझ्याकडे दिलेल्यानी," मामा म्हणाले. "मीच सरकवून ठेवलंय. खंयचो तो?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. "परळ, महाविद्यालय, जिन्याखालच्या खोलीची खिडकी, बाहेरची भिंत. खुर्चीतून हात पोहोचतो तिथे."

झाडाच्या नावापुढे बाईंनी 'ठाऊक नाही' असे लिहिले होते. मीही तेच टंकले. मग खुर्चीतूनच खिडकीबाहेर हात काढून पाहिला. ओल्या भिंतीला बोटे लागली. वर्तुळाच्या रकान्यात मी एक मीटर लिहिले. नकाशावर टिंब उमटले. त्याभोवतीचे वर्तुळ दिसावे म्हणून मला नकाशा पुन्हा पुन्हा मोठा करावा लागला.