वीतभर गाडीचा लाल पट्टा

साहेब, मोतीराम वाघचौरेच्या मरणावर कारखान्याच्या अहवालात तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. ‘कामाशी संबंध नाही.’ वर त्याच्या शेजारी बसून रंगवणाऱ्या शेवंताची साक्षही तुम्हीच टाइप करून तिच्या हातात दिलीत: मोतीराम रंगाचा ब्रश तोंडात कधीच घालत नव्हता. उद्या सकाळी सही, नाहीतर तिला कारखान्याचं गेट बंद.

गुरुवारची सुट्टी, दुपार. शेवंता सतरंजीवर आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय, तोच उशीशेजारी रंगखात्यातलं टेबल आणि टेबलाशी मोतीराम. सात महिन्यांपूर्वी चितेवर जळालेला माणूस. हातात वीतभर गाडी: जुन्या शर्यतीतल्या गाडीची हुबेहूब नक्कल, पांढरी, पोट जमिनीला टेकलेलं. शौकीन लोक ती काचेच्या पेटीत जपतात.

“दादा, थिनरचा वास मारतोय तुला. मेल्यावर तरी धुवायचं!”

“तुझी वहिनी घासून घासून दमली गं. आतून येतो तो.”

तो ब्रश जिभेवर फिरवतो, ओठांत दाबून टोक काढतो. केसाएवढा लाल पट्टा मारायचा तर फडक्यानं पुसून चालत नाही, ब्रशचे केस विस्कटतात. नव्या बाईला पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा.

टेबलाचा डांबरी रस्ता झालाय. गाडी खरीखुरी, माणूस मावेल एवढी. मोतीराम आत, खोकून खोकून काच लाल झालेली.

“दादा, काच खाली कर!”

“होत नाही. धूळ बसेल म्हणतात. उद्या सही करणार तू?”

“पोट आहे, दादा.”

“कर मग. वर एवढंच लिही, मोतीराम थुंकत नव्हता, गिळत होता.”

“चाटायला तूच शिकवलंस मला!” शेवंता किंचाळते.

तो हळूच म्हणतो, “रंगाचे डबे यायचे ते वरचे कागद खरवडलेले, आत काय ते कळू नये म्हणून. मला तरी कुणी सांगितलं होतं? आ कर बघू.”

ती आ करते. तो वाकून बघतो, आणि त्याचं तोंड कडू होतं. “थुंक, शेवंते. आधी थुंक.”

ती थुंकते, आणि जागी होते.

उशीच्या अभ्र्यावर लाल ठिपका. रक्त समजून ती नखानं खरवडते. रंगाचा चकचकीत, कडक पापुद्रा हातात येतो.

शेवंता साक्षीचा कागद काढते. सहीच्या जागी तो पापुद्रा डिंकानं चिकटवते, अंगठ्यानं दाबून धरते.

ही घ्या सही, साहेब. आता तुम्ही बोला. रंगात काय होतं?